सूचक

भाईजान, सलाम.

हैदराबादला तुम्ही माझ्यासाठी नोकरी बोलून ठेवली आहे आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं आहे. "निवडणुकीआधी निघून ये. तोवर कोणाच्या बाजूनं दिसू नकोस," असं तुम्ही म्हणालात.

चितेगावच्या कारखान्यात मी प्रेशर गेज तपासते. दाब कितीही बदलला तरी ज्याचा काटा हलत नाही, तो गेज मी बाजूला काढते. क्रांती चौकामागच्या आपल्या गल्लीत दोन्ही पक्षांची माणसं येऊन गेली. "आम्ही निवडून आलो नाही, तर तुमचं काही खरं नाही," असं दोघंही म्हणाले. मी दोघांनाही बाजूला काढलं.

मग शेजारच्या कस्तुराबाई आल्या. त्या अपक्ष उभ्या राहताहेत.

"अजरा, मतदार यादीत नाव हाय ना तुझं? मग माझी सूचक हो. भाषण नगं, सही दे. तुला चारचौघांत बोलता कुठं येतंय!"

उमेदवारी अर्जावर नाव सुचवणारा सूचक त्याच वॉर्डातला मतदार लागतो. अर्जातलं त्यांचं वय यादीशी जुळत नव्हतं. ते दुरुस्त करून घेतलं, मगच सही केली.

काल अर्जांची छाननी झाली. अधिकाऱ्यांनी सूचकाचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. मी उभी राहिले.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर पहिल्या गाडीनं मला न्यायला याल. शुक्रवारी फोनवर "येत नाही" एवढंच सांगेन. शनिवारी कस्तुराबाईंबरोबर दारोदार जायचं आहे. कारखान्यातून तशी रजा घेतली आहे.

तुमची बहीण,
अजरा