खूण विचारणारा सांगावा

आबा,

तिकडं कसे आहात? खोकला थांबला का? आजीचे गुडघे आता वाकतात का? आईला नीट दिसतं ना? इकडं मी बरा आहे, बहिणीची साखर तेवढी वाढलेली. पण आज लिहायला बसलो ते किळस आली म्हणून. घास चावताना तोंडात माशी सापडावी, तशी.

तुमच्या नातीचा, बहिणीच्या पोरीचा, नर्सिंगला नंबर लागला. फीचे पैसे बहिणीच्या खात्यात. ते खातं पोरीनंच आपला मेल देऊन नेटवर चालू करून दिलेलं. काल आम्ही तिघं हिंगोलीच्या नेट कॅफेत कॉलेजचा मेल बघायला गेलो, तर वरच बँकेचा मेल. चिन्ह तेच, अक्षरं तीच. पोरगी वाचून सांगते आहे: प्रिय ग्राहक, तुमच्या सुरक्षेसाठी आजच इथं पासवर्ड भरा, नाहीतर खातं बंद. बहिणीचा चेहरा उतरला. "भर माय, काहून थांबलीस? फी अडकंल नं!" पोरीनं बोटं चालवली.

अन् मला आपली ओसरी दिसली. तुम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर कामाला. कुणाच्याही हाती सांगावा धाडायचे, पण सोबत घरातली एखादी खूण द्यायचेच. एक अनोळखी गडी दारात उभा आहे. "आबानं बैलजोडी मागितली, लवकर करा."

"खूण काय दिली?" आई विचारते.

"वैनी, मी काय चोर दिसून राहिलो का?"

"दिसत न्हाई, म्हणून तर विचारून राहिले. बसा, च्या घ्या."

चहा तसाच टाकून तो गेला. तुम्ही घरी आल्यावर म्हणालात, मी कुणालाच धाडलं नव्हतं.

"थांब गं!" मी ओरडलोच. "खूण आणणाऱ्यानं सांगायची असती. हा तर आपल्याकडंच खूण मागून राहिला!"

मग नीट बघितलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बँकेच्या नावाला भलतंच शेपूट. बहिणीचं नाव कुठंच नाही. शाखेत गेलो, तर साहेब म्हणाले, "बँक पासवर्ड कधीच विचारत नाही." फी वाचली. पण ती गोड भाषा अजून अंगावर शेणासारखी चिकटून आहे. बैल मागणाऱ्यानं निदान दारात तोंड तरी दाखवलं होतं. हे बिनतोंडाचे, आमच्याच काळजीचं सोंग घेऊन येतात. थू!

तुम्ही गेलात तिकडं टपाल जात नाही, हा कागद उशाखालीच राहणार, ठाऊक आहे. तरी लवकर उत्तर लिहा. खूण म्हणून आपल्या तांबड्या वासराचा कोणता कान तुटका होता, तेवढं टाका.

अन् खरं सांगू आबा? तुमचं म्हणून बिनखुणेचं आलं, तरी मी दार उघडीन.