सव्वीसपैकी सव्वीस

३ नोव्हेंबर, सकाळी ७
सर्वेक्षण सुरू. रानातले उंदीर, चिचुंद्र्या, मुंगसं धरायची, घशातून स्वॅब घ्यायचा, सोडून द्यायचं. त्यांचे कुठले रोग माणसाला होऊ शकतात ते लॅब बघणार. महिनाअखेर साहेब सर्वेक्षणप्रमुख नेमणार. म्हणजे मलाच. दुसरं आहे कोण? प्राण्यांची एक नवी डॉक्टरीण. वय सत्तावीस. माझी नोकरीच बावीस वर्षांची.

संकल्प : १) रोज वीस प्राणी. २) बाईंशी गोड बोलणे. ३) मास्क न लावणे. बावीस वर्षांत लावला नाही, आता काय लावायचा!

नाक गळतंय. ही म्हणाली, सर्दी आहे. मला सर्दी होत नाही. ॲलर्जी आहे.

४ नोव्हेंबर
चाळीस सापळे लावले. मिळाल्या तीन चिचुंद्र्या आणि रानाशेजारच्या गोदामाच्या वॉचमनचं मांजर. बाईंना अकरा प्राणी. माझ्या बाजूची जमीनच उतरती. घरी सांगितलं तर ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिला फील्डवर्कमधलं काय कळतं!

६ नोव्हेंबर
बाईंनी मास्क पुढे केला. म्हणाल्या, काका, आज तरी लावा. काका!! मी ठणकावलं, चेहरा झाकला की उंदीर बिथरतो, त्याला समोरचा माणूस दिसावा लागतो. बाईंनी मास्क परत खिशात ठेवला. जिंकलो.
स्वॅब घेताना चारदा शिंकलो. उंदीर दचकले, बाकी नुकसान शून्य.

१० नोव्हेंबर
एकूण सव्वीस झाले. बाईंचे एकसष्ट. त्यांना घाई फार.

१४ नोव्हेंबर
लॅबचा पहिला रिपोर्ट! माझे सव्वीसच्या सव्वीस पॉझिटिव्ह!! बाईंचे एकूण एक निगेटिव्ह. नुसती संख्या काय चाटायची? पारख लागते. आजारी प्राणी नेमके माझ्याच सापळ्यात आले.
विषाणू कुठला ते कळायला आठवडा लागेल, तोवर कुणाला सांगायचं नाही अशी लॅबची ताकीद. सांगितलं नाही. फक्त साहेब, मेहुणा, वॉचमन आणि केस कापणारा.

१५ नोव्हेंबर
साहेबांनी वरपर्यंत फोन केले. शेजारचं गोदाम रिकामं केलं, सगळे सापळे उचलले. बाईंची शंका : उंदीर, चिचुंद्री, मुंगूस, तिघांनाही एकच विषाणू कसा? जळणाऱ्यांनी जळावं.

१७ नोव्हेंबर
विषाणूला माझं आडनाव द्यावं असा विचार आहे. ही म्हणाली, आजारी माणसं रोज तुमच्या आडनावाने बोटं मोडतील, मी माहेरी कुठल्या तोंडाने जाऊ? मोठ्या माणसाच्या घरचे नेहमी असेच.

२१ नोव्हेंबर
सविस्तर रिपोर्ट. विषाणू माणसाच्या साध्या सर्दीचा.
खचलो नाही. उलट हा मोठा शोध आहे : माणसाची सर्दी उंदराला होते! बाई म्हणाल्या, उंदराला नाही काका, स्वॅबला झाली. ताडून बघायला माझ्याच घशाचा स्वॅब मागितला. साफ नकार दिला. मी संशोधक आहे, नमुना नव्हे.

२२ नोव्हेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वॅब दिला. स्वखुशीने.

२९ नोव्हेंबर, दुपारी ४
जुळला.
प्रमुख बाई. माझे सव्वीस प्राणी बाद. ते केव्हाच रानात पळाले, आता पुन्हा पहिल्यापासून धरायचे. साहेब म्हणाले, याला रेकॉर्ड रूममध्ये टाका. मी म्हटलं, टाका! मला फरक पडत नाही. जिन्यात जाऊन बसलो. फरक पडत होता.

बाई तिथे आल्या, एक कागद हातात देऊन गेल्या. लॅब फॉर्मशिवाय नमुना घेत नाही आणि आमच्याकडे फॉर्म एकच, प्राण्यांचा. त्यावरच माझी नोंद. प्राणी क्रमांक ८८. प्रजाती : माणूस. नर, प्रौढ. पकडल्याचं ठिकाण : साहेबांची केबिन. स्वभाव : गुरगुरतो, चावत नाही. निकाल : पॉझिटिव्ह.

शेवटचा रकाना 'सोडला का?' बाकी सत्त्याऐंशी फॉर्मवर तिथे 'होय' आहे. माझ्या फॉर्मवर बाईंच्या अक्षरात : नाही. सोमवारपासून माझ्यासोबत फील्डवर.