इंगाचं शेवटचं पान

कार्डिफ, १२ मार्च १९८७

ती. दादांना आणि आईला उल्काचा नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. आईने विणलेला स्वेटर रोज कोटाच्या आत असतो. तिचा गुडघा कसा आहे?

रविवारी दुपारी हॉस्पिटलमधल्या शैलाबरोबर युनिव्हर्सिटीत एक नॉर्वेजियन सिनेमा पाहिला. पडद्यावर मासे वाळत घातलेलं अंगण दिसलं आणि मी ओळखलं, ही तर आपली कादंबरी. जेवणं झाल्यावर तुम्ही आम्हा भावंडांना वाचून दाखवायचात ती, बेटावरच्या इंगाची.

काय सुंदर केलाय हो सिनेमा. इंगाचे वडील फारसं बोलतच नाहीत. मुलगी शिकायला निघते तेव्हा ते तिच्या ट्रंकेची दोरी नुसती पुन्हापुन्हा आवळत राहतात. विमानतळावर तुम्हीही तेच करत होतात.

पण तुम्ही वाचायचात त्यात इंगा शेवटी घरी परत यायची, सिनेमात ती येतच नाही. मी शैलाला म्हटलं, यांनी शेवट बदललाय. काल हट्टाने लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक आणलं. त्यातही ती येत नाही.

शेवटच्या पानाला तुम्ही चष्मा का काढायचात, ते आत्ता कळलं.

इथे हॉस्पिटलमध्ये मला आणखी तीन वर्षं थांबा म्हणतायत. मी अजून काही कळवलेलं नाही.

दादा, तुमचं ते शेवटचं पान मला तुमच्या अक्षरात लिहून पाठवाल?

तुमची,
उल्का