झोपाळ्याचं आसन आणि राखाडी लोकर

महाड,
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप तुळजावन्संना सरिताचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, तरी वाकले आहे असं समजावं.) गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? कापड्याला शेताची कामं सुरू झाली असतील. तुमच्या सुशांतला आशीर्वाद. तुमचे बंधू ठणठणीत आहेत, म्हणजे सकाळपासून कुरकुर चालू आहे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर रागावलात की तुम्ही नुसतं "बरं" म्हणून ठेवून देता आणि त्या "बरं"चा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस जातात. माझ्या हातून एक चूक झाली आहे. आमच्या माळ्यावर तुमची पिशवी आहे ना, तिच्या बाबतीत. पण क्रमाने सांगते, नाहीतर मी फारच वाईट दिसेन.

मे संपत आला तसं दरवर्षीप्रमाणे पुराच्या भीतीनं तळमजल्यावरचं सामान वर चढवायला घेतलं. (महाडची माणसं पावसाळा आला की छत्रीआधी शिडी शोधतात, हे तुम्हाला काय सांगायचं!) वर जागा करताना लोकरीची पेटी उघडली. घरात मूल जन्मलं की आपण दोघी टोपडं-मोजे विणायचो, त्यातून उरलेले सगळे गुंडे तसेच. गुलाबी अक्षदाचा, हिरवा मानसीचा, पिवळा ओंकारचा. (ओंकारचं टोपडं तुम्ही एवढं मोठं विणलंत की तो ते घालून बालवाडीत गेला.) पेटीला डांबरगोळ्यांचा वास, पण मला मात्र वेखंडाचा आणि धुरीचा आला. मी तिथंच शिडीवर बसून रडले, वन्सं. ती मुलं आता पनवेलला एसीत बसतात आणि थंडी वाजते म्हणतात, पण स्वेटर कुणी मागत नाही.

अक्षदाला सांगितलं तर म्हणाली, आई, ट्युनिशियन क्रोशा कर, नवशिक्यांना सोपा असतो. चाळीस वर्षं विणणारीला पोरीनं नवशिकी ठरवलं! तिनं पाठवलेली आकड्याची सुई हातभर लांब. जाताना सगळे टाके सुईवर गोळा करायचे, येताना एकेक करून सोडून द्यायचे, एवढंच. मी झोपाळ्याचं आसन विणायला घातलं. पण ओळीचा शेवटचा टाका लपून बसतो, तो माझ्याकडून दरवेळी सुटायचा. आसन वीतभर अरुंद झाल्यावर ते लक्षात आलं, मग भरपाई म्हणून टाके वाढवले, तर ते दुसऱ्या बाजूला पसरलं. वर कडा अळूवडीसारख्या गुंडाळतात. त्या सुईनं तुमचे बंधू मधल्या वेळात पाठ खाजवतात. शेजारच्या सोनाबाई येऊन म्हणाल्या, "झूल करतेस का गो? तुज्याकडं तर बैल पण नाय." मी चहा दिला, साखर कमी घातली.

गुलाबी आणि पिवळा संपला, आसन अर्धंच. परत वर चढले तर एका पिशवीत सुयांवर चढवलेलं राखाडी काहीतरी सापडलं. पुराच्या घाईत कुणाचं काय कुठे कोंबलं, कुणाला आठवतंय? हेही उरलंसुरलंच, असं वाटलं आणि मी ते उसवलं. मग त्याचा पट्टा घातला आणि पुढे हिरवा लावला. तेव्हा माफी असावी. सर्वांना नमस्कार.

तुमची,
सरिता

ता. क. वर "वाटलं" लिहिलं आहे ते खोटं आहे. अर्धं उसवल्यावर मी ओळखलं होतं. भावोजी वरंध घाटातून एसटी न्यायचे, पहाटे गारठायचे, म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर. एक बाही राहिली आणि ते गेले, मग तो तसाच तुम्ही आमच्या माळ्यावर ठेवून दिलात. मला थांबता आलं असतं. थांबले नाही. दर भाऊबीजेला तुम्ही "जरा हवा खाते" म्हणून माळ्यावर चढता. (तिथं कसली हवा? पालीसुद्धा राहत नाहीत.) खाली आलात की दिवसभर कुणाशी बोलत नाही. आठ वर्षं मी ते बघते आहे आणि मला ते आता बघवत नव्हतं. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं.

आणखी ता. क. राखाडी पट्टा मधोमध आहे, एकटा निघत नाही. आधी मानसीचा हिरवा उसवावा लागेल. शेवट मी मुद्दाम बंद केलेला नाही. तुम्ही म्हणाल तर सगळं उसवते, स्वेटर पुन्हा विणू आणि राहिलेली बाहीसुद्धा पुरी करू. नको म्हणालात तर झोपाळ्यावर पहिल्यांदा तुम्हीच बसायचं. पण उसवायचं तर लोकरीची लडी धरायला कुणाला तरी समोर बसून दोन्ही हात पुढे करावे लागतात, आणि तुमचे बंधू पाच मिनिटांत घोरायला लागतात. तेव्हा पत्र मिळताच पहिल्या गाडीनं याच. रागावलेल्या आलात तरी चालेल. हात पुढे धरूनही रागावता येतं.