डकोटाची माळ

बोगादी, म्हैसूर
२० सप्टेंबर २०२५

चि. रुक्मिणीस येसाजीअण्णाचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला तुझं काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

आपली 'सारंग' विमानसेवा दसऱ्यानंतर बंद होते आहे. दोन जुन्या डकोटा घेऊन सुरू केली, तेव्हा लोक म्हणाले, ह्या भंगारात शोभतील. एकीचे सुटे भाग काढत दुसरी जगवली; हंपी, मंगळूर, कुठे कुठे माणसं नेली. आता भाग संपले. उरलेली संग्रहालयात जाईल. शाळेत मास्तर ढगांची कविता चालीवर म्हणवून घेत आणि मी खिडकीतून वर बघत बसे, त्याचं हे सगळं फळ.

तुझ्या हरिहररावांनी ती इतकी वर्षं उडवली आणि कप्तानाची बायको एकदाही चढली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला शेवटची फेरी आहे, माझी नात देवश्री चालवणार. खिडकीची जागा राखतो. ये.

तुझा थोरला भाऊ,
येसाजीअण्णा

हुणसूर
२५ सप्टेंबर

तीर्थस्वरूप अण्णांना रुक्मिणीचा वाकून नमस्कार.

तुमच्या कवितेपायी माझा नवरा जन्मभर ढगात राहिला, हे मास्तरांना कळवायला हवं होतं.

मी येत नाही. भीतीनं नव्हे. दर आयुधपूजेला मी विमानासाठी शेवंतीची माळ ओवायची. हे उडण्याआधी ती सोडायचे आणि संध्याकाळी परत आणून म्हणायचे, ही घरीच बरी. ज्यांना माझी माळ सोबत नको, त्यांच्या विमानात मी कशाला बसू? माणूस गेलं, राग राहिला. इकडे म्हणतात तसं, साकु! पुरे तो विषय.

सवय मात्र जात नाही. पूजेला सून वाणी तिकडे येणार आहे, तिच्याबरोबर माळ पाठवते. गुडघ्यांना तेल लावत जा. विमानाच्या वाट्याची माया आता मलाच द्या.

तुमची,
रुक्मिणी

बोगादी
२ ऑक्टोबर

चि. रुक्मिणीस आशीर्वाद.

काल चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, तुझी माळ विमानाच्या नाकाखाली बांधली. पूजा झाल्यावर देवश्रीनं ती सोडली. मला तुझं पत्र आठवलं. पोरगी वर चढल्यावर मी माळ गुपचूप पुन्हा बांधली. म्हटलं, एकदा तरी उडू दे बिचारी, आणि आत जाऊन बसलो.

विमान धावलं आणि मध्येच थांबलं. तिथे दोन बारीक नळ्या असतात. त्यांत वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो. पाकळ्यांनी त्यांची तोंडं बुजली. काटा जागचा हलेना. पोरीनं वेळीच आवरलं, नाहीतर हे पत्र लिहायला मी नसतो. मग सगळ्यांदेखत मला झाडलं.

माळ सोडायला तिला हरिहररावांनीच शिकवलं होतं. सोडायची, पण टाकायची नाही, घरी न्यायची. हे तुला कधीच का नाही सांगितलं, असं तिनं त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगितलं तर ती पुन्हा ओवणार नाही.

फेरी आता रविवारी, बारा तारखेला. जागा अजून रिकामी आहे.

तुझा वेडा
अण्णा

हुणसूर
६ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप अण्णांना नमस्कार.

पत्र मी वाचलं, मग वाणीकडून दोनदा वाचून घेतलं. ती परत आणलेली माळ मी दरवर्षी न बघता तुळशीत टाकत आले.

रविवारी सकाळच्या बसनं येते. ह्या वेळी शेवंती माझ्या केसांत असेल. तिला हात लावायचा नाही, देवश्रीलाही सांगून ठेवा.

तुमची,
रुक्मिणी