पत्राशिवाय खाट नाही

९ मार्च
बायका काय मेथीच्या जुड्या आहेत, टेम्पोत भरायला! आमच्या पक्षाचे इथले पुढारी भाऊ, त्यांचा निरोप — शुक्रवारच्या मोर्चाला उमेळे गावातून दोन टेम्पो भरून बायका आण. महिला आघाडीची प्रमुख मी, म्हणून टेम्पोही मीच भरायचे.

मोर्चा कशाविरुद्ध? तर दिल्लीत आरोग्य विम्याचा नवा कायदा येतोय. देशात सगळ्यांना एकच कार्ड. कुठल्याही हॉस्पिटलात दाखवायचं, भरती व्हायचं, बिल सरकार भरणार. आणि आमचा पक्ष म्हणतो — नको! "आपले दवाखाने बुडतील. बाहेरचे लोंढे येऊन आपल्या खाटा अडवतील." भाऊ सांगत होते आणि मी मान डोलवत होते. नंदीबैल!

१० मार्च
सुरज वालीवच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसातच परत आला. लेथवर उभं राहवत नाही म्हणाला. दोन जिने चढला आणि उंबऱ्यातच बसला. नवऱ्याचे ओठ निळे पडलेले बघायचे — नको, लिहवत नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदयाचा व्हॉल्व्ह बदला, पावसाळ्याची वाट बघू नका. भाऊंचं पत्र नेलं की मुंबईच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात खाट मिळते. न नेलं की मिळत नाही. इतकं सोपं आहे सगळं! पण सुरजचं एकच — "मिंधं व्हायचं नाही." व्हा मग शूर. मरा!

(असं लिहायला नको होतं.)

११ मार्च
सकाळी भाऊंचं ऑफिस. खाडीकडची बायजामावशी उजाडल्यापासून बाकावर बसलेली. नवऱ्याच्या, नथूकाकांच्या किडनीसाठी पत्र हवंय. "भाऊ कवा येनार गो?" भाऊ आतच होते. पोहे खात होते! मग बाहेर आले, सही केली. मावशी पाया पडली. सत्तरीची बाई, चाळिशीच्या माणसाच्या पाया!

मला राहवेना. म्हटलं, भाऊ, ते कार्ड आलं तर मावशीला हे करावं लागणार नाही.

हसले. "अगं हेमांगी, मग माझ्याकडे येणार कोण? हळदीचं आमंत्रणसुद्धा कुणी देणार नाही मला!"

थट्टा नव्हती ती. खरं तेच बोलले. निर्लज्ज! आणि मी निघाले तर मागून — "सुरजचं पत्र तयारच आहे हो. शुक्रवार होऊ दे." मी मागितलंही नव्हतं! तळपायाची आग मस्तकात गेली. तरी "बरं" म्हणून आले.

१२ मार्च
टेम्पो भरले. एकीनेही विचारलं नाही, मोर्चा कशासाठी. घराघरात एकेक पत्र येऊन गेलंय. "भाऊंनी आपलं मानूस वाचवलं. नाय कसं म्हनू?"

मला माझीच किळस आली.

१३ मार्च
नाक्यावर मांडव. मांडवात पुढारी, उन्हात बायका. घोषणांचा माईक माझ्याकडे. "रद्द करा, रद्द करा" एकदा म्हटलं. पुन्हा तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं — "बायांनो, हा कायदा आला तर तुम्हाला कुणाच्या पाया पडावं लागणार नाही! भाऊंना तेच नकोय!"

माईक बंद केला त्यांनी. मी तशीच ओरडत राहिले. घसा पार बसलाय.

मला वाटलं, बायका टाळ्या वाजवतील. कसलं काय! बायजामावशीनेच दंडाला धरून खाली ओढलं. "तुझा कायदा येल तवा येल. आमाला पुडल्या महिन्यात परत पत्र लागनार हाय. बंद पाडतेस काय?" तिचंही खरंच. म्हणूनच जास्त संताप होतोय.

घरी आल्यावर सुरज म्हणाला, "बरं केलंस." मग थोडा दम घेऊन — "आता माझं काय करशील?"

१४ मार्च
पदावरून काढलं. व्हॉट्सॲप ग्रुपवरूनही. नऊ वर्षं राबले. गेले सगळे खड्ड्यात!

१७ मार्च
रिपोर्टची पिशवी घेऊन एकटीच त्या हॉस्पिटलात गेले. काचेमागची मुलगी — "कोणाकडून आलात?"

म्हटलं, घरून.

"मग पुढच्या महिन्यात बघा."

१८ मार्च
दिल्लीत कायदा समितीकडे ढकलला. म्हणजे बारगळलाच. नाक्यावर आमच्याच लोकांनी फटाके लावले. धुराने सुरजला खोकला आला. मी खिडकी लावून घेतली आणि शिव्या दिल्या. मोठ्याने. शेजारी ऐकतील तर ऐकू देत.

२० मार्च
दारात भाऊ. स्वतः. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात गुच्छ. "राग मनात धरायचा नसतो, हेमांगी. सुरज आपलाच आहे." मागे फोटोवाला.

सुरजने नाही म्हणायला तोंड उघडलं. दम पुरला नाही.

मी पत्र घेतलं. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा."

हसले.