इस्पंज हैवान आहे

हैदराबाद, आश्विन वद्य पंचमी

तीर्थस्वरूप महानंदाअक्कास धाकट्या सोमलिंगचा दोन्ही कान धरून शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काळी गाय व्याली का? मी इथं मेसचं वरण पिऊन खुशाल आहे.

श्रावणी सोमवारचा खुलासा करतो. इथं कॉलेजात सगळं उर्दूत. प्रोफेसरसाहेब बरणी दाखवून म्हणाले, इस्फंज हैवान है. उर्दूत हैवान म्हणजे नुसता प्राणी. त्या हिशोबानं आपली गायही हैवान अन् दाजीही (हे त्यांना वाचून दाखवू नकोस). पण माझं डोकं परीक्षेपायी उर्दू झालेलं. त्या सोमवारी तुझ्याकडं आलो, तर जंगम अय्या जेवायला पाटावर बसलेले, तू लिंगपूजा आटपत होतीस, अन् तुझ्या हातात तो मऊ इस्पंज दिसताच मी शहाण्यासारखा ओरडलो, "अक्का, त्यो हैवान हाय!" अय्या भरल्या ताटावरून उठले. तू एवढंच म्हणालीस, "म्या रोज हैवानानं लिंग पुसलं व्हय रं?" तेव्हापासून तुझा अबोला.

अक्का, तो फार गरीब आहे गं. समुद्राच्या तळाशी एका जागी चिकटून बसतो. तोंड नाही, डोळे नाहीत, डोकं तर नाहीच. अंगभर भोकं, बारक्यांतून पाणी आत घ्यायचं, मोठ्यातून सोडायचं, एवढाच संसार. आपल्या बेंबळी गावात इतका सात्त्विक जीव दुसरा दाखव. (शेजारच्या बरणीत छत्रीसारखा एक जीव आहे. त्याला तोंड एकच. खाणंही त्यातूनच, टाकणंही त्यातूनच. मला मेसवाले लिंबाजी आठवले.)

खरं सांगू, बरणी पाहून मला तुझी ओसरीच आठवली. आई गेल्यावर मी तुझ्याकडं शिकायला आलो, तेव्हा दाजींनी पाटी पुसायला सोलापूरहून हाच इस्पंज आणला होता. संध्याकाळी पाटी तू पुसायचीस, पण आधी एकेका अक्षरावर बोट फिरवायचीस. मला वाटायचं, अक्का लई हळू पुसते. तू शिकत होतीस, हे मला मिशा फुटल्यावर कळलं. त्या ओल्या पाटीचा वास इथं फार आठवतो.

तुझा,
सोमलिंग

ता. क. वर सात्त्विक लिहिलं खरं, पण तो पाण्यातले बारीक जीव खातो. अय्यांना सांगू नये.

आणखी ता. क. दाजी लिहितात, तू इस्पंज उकिरड्यावर टाकायला निघालीस अन् परत आणून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलास. मलाही गोठ्यातच झोपव, पण भाऊबीजेला बोलाव. दाजींकडून लिहवून घेऊ नकोस. तुझ्या हातानं एकच शब्द लिही: ये. आधी माझ्या पाटीवर गिरव. चुकलं तर पुसायला इस्पंज आहेच.